आजोबांची पलटण आता कुठे आहे?

मागच्या अंकात एका वाचकांनी ट्रंकेत सापडलेल्या मेडलचा फोटो पाठवून हे कशाचं म्हणून विचारलं होतं, मी उत्तर दिलं आणि शेवटी लिहिलं की कुणाच्या घरी असं काही असेल तर कळवा. महिनाभरात इतके मेसेज आले की पूर्ण सदर यालाच द्यायचं ठरवलं. ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, माधवगंज या भागांतून, इंदूरहून दोन-तीन, आणि जवळपास प्रत्येकाचा प्रश्न फिरून एकाच जागी येतो, आमचे आजोबा-पणजोबा अमुक पलटणीत होते आणि ती पलटण आता शोधून सापडत नाही. बहुतेक वेळा पलटण संपलेली नसते हो. तिचा नंबर बदललेला असतो, नाव बदललेलं असतं, कधी रेजिमेंट बदललेली असते. तेवढा धागा हातात आला की बाकी सगळं उलगडत जातं.

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. घरातल्या कागदावर "फोर्थ ग्वाल्हेर इन्फंट्री" असं आहे. पण काका म्हणतात मराठी माणूस म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच, बेळगावला पत्र लिही. लिहू का?
— एक वाचक, दौलतगंज, लष्कर

बेळगावला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला, लिहू नका, तिथे मिळणार नाही. काकांचा समज खूप घरांत आहे आणि तो चुकीचाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मराठा लाइट इन्फंट्री ही मूळची इंग्रजांच्या मुंबई फौजेची. तिच्या जुन्या पलटणी 1768 पासूनच्या, भरती कोकण आणि देशावरची. आपल्या पणजोबांची पलटण मात्र शिंदे सरकारची. संस्थानाच्या खजिन्यातून पगार, निष्ठा ग्वाल्हेर दरबाराशी, अधिकारी संस्थानाचे. 1889 च्या सुमाराला इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स नावाची योजना निघाली, म्हणजे संस्थानांनी आपल्या खर्चाने काही पलटणी युद्धाला तयार ठेवायच्या आणि गरज पडली की त्या इंग्रजांच्या फौजेबरोबर जायच्या. 1914 ला गरज पडली. ग्वाल्हेरच्या पायदळाचा एक भाग पूर्व आफ्रिकेत गेला, टांगा नावाच्या बंदरावर नोव्हेंबर 1914 मध्ये जी चढाई झाली त्या फौजेत थर्ड ग्वाल्हेरच्या कंपन्या होत्या आणि शेजारी काश्मीर संस्थानच्या रायफल्स. ती चढाई पार फसली, जर्मनांनी मारलं आणि मधमाश्यांनीही, खरंच, झाडांवरची पोळी गोळीबाराने फुटली आणि माश्या माणसांवर तुटून पडल्या. ग्वाल्हेरचं दुसरं पायदळ इजिप्तला, सुएझ कालव्याच्या संरक्षणासाठी, अलवर आणि पटियाळाच्या पायदळाबरोबर एकाच ब्रिगेडमध्ये. तुमच्या कागदावर फोर्थ आहे म्हणजे आधी इजिप्तच्या बाजूने शोधा.

आता ती पलटण गेली कुठे. स्वातंत्र्यानंतर 28 मे 1948 ला ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची लहान संस्थानं मिळून मध्य भारत झाला, मग 1951 मध्ये संस्थानी फौजा भारतीय आर्मीत घेतल्या. तेव्हा खूप पलटणी मोडल्या, पण काही अख्ख्याच्या अख्ख्या उचलून जुन्या रेजिमेंटांत बसवल्या. फोर्थ ग्वाल्हेर गेली कुमाऊँ रेजिमेंटमध्ये आणि तिला नंबर मिळाला 14 कुमाऊँ, पुढे कंसात ग्वाल्हेर. इंदूरची होळकरांची पलटण तिच्याच मागोमाग, 15 कुमाऊँ, कंसात इंदूर. शिंदे आणि होळकर, रानीखेतला, म्हणजे कुमाऊँच्या केंद्रात, शेजारी शेजारी! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ तो कंस बघत बसलो होतो, एवढ्याशा कंसात एका राज्याची आठवण राहिलीय.

पण इथेही थांबू नका. 1979 ला आर्मीने मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी केली, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणारं पायदळ, आणि त्यासाठी वेगवेगळ्या रेजिमेंटांतल्या जुन्या पलटणी निवडल्या. त्यात 14 कुमाऊँ होती, ती झाली 5 मेकॅनाइज्ड इन्फंट्री. या रेजिमेंटचं केंद्र अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला. म्हणजे पणजोबांची पलटण ग्वाल्हेरहून निघाली, रानीखेतच्या रेजिमेंटमध्ये गेली आणि शेवटी महाराष्ट्रात येऊन पोचली. इंदूरकरांची 15 कुमाऊँ अजून कुमाऊँमध्येच आहे, त्यामुळे इंदूरच्या ज्या दोघा वाचकांनी विचारलंय त्यांनी रानीखेतकडे बघावं.

काकांना हे वाचून दाखवा. त्यांचा अभिमान योग्यच आहे, फक्त पत्ता दुसरा आहे.

प्रश्न : आजोबा मूळचे साताऱ्याकडचे, दुसऱ्या महायुद्धात होते, नंतर ग्वाल्हेरला मिलमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही इथले झालो. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर "3/5 एम.एल.आय." आहे. मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनची यादी बघितली, 1 आहे, 2 आहे, 3 नाहीच. आणि तीन भागिले पाच म्हणजे काय?
— एक वाचिका, माधवगंज

ताई, तुमचा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात आवडलेला, कारण याच्या उत्तरात दोनशे वर्षं आहेत.

आधी ते भागिले. तो अपूर्णांक नाही. वरचा आकडा बटालियनचा, खालचा रेजिमेंटचा. त्या काळात मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंट म्हणून नंबर 5 होता, त्यामुळे 3/5 म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. हे नंबर 1922 चे. त्याच्या आधी 1903 पासून दुसरे नंबर होते, तेव्हाचे सरसेनापती किचनर यांनी अख्ख्या फौजेला एका ओळीत नंबर दिले आणि मुंबईच्या पलटणींच्या जुन्या नंबरात शंभर मिळवले, म्हणजे तिसरी झाली 103, पाचवी झाली 105, दहावी झाली 110. तुमच्या आजोबांची ती ही 110. आणि तिचा जन्म त्याच्याही मागे, 1797 चा. म्हणून म्हणतो, जुन्या कागदावर नुसता नंबर बघून काही ठरवू नका, कागद कुठल्या सालचा ते आधी बघा. 1910 च्या कागदावरची 110 आणि 1942 च्या कागदावरची 3/5 ही एकच पलटण.

आता तिचा प्रवास. पहिल्या महायुद्धात ही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. टायग्रिस नदीच्या वळणात कूत-अल-अमारा नावाचं गाव आहे, तिथे इंग्रज जनरल टाउनशेंडची फौज डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांच्या वेढ्यात सापडली. आत मराठ्यांच्या एक नाही तीन पलटणी होत्या, 103, 110 आणि 117. जवळपास पाच महिने वेढा चालला, शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची पाळी आली आणि आपल्या कित्येक शिपायांनी घोड्याचं मांस धर्माला धरून तोंडाला लावलं नाही, अर्धपोटी पहारे केले. 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं. कैदेत गेलेले वाळवंटातून चालवत नेले आणि त्यातले पुष्कळ परत आलेच नाहीत. कागदोपत्री पलटण संपायला एवढं पुरे होतं. पण पलटण पुन्हा उभी केली, नवीन भरती केली, तोच नंबर, तीच मेसची चांदी, तेच सण.

पुढचं पान 1941, इरिट्रियातलं केरन. उभे डोंगर, वर इटालियन फौज, खालून चढायचं. 3/5 मराठाने मार्चमध्ये फ्लॅट टॉप नावाची टेकडी घेतली. घाटावरच्या आणि कोकणातल्या पोरांना चढण नवीन नव्हती पण वरून मशीनगन चालू असताना चढणं काय असेल याची कल्पनाच केलेली बरी. मग इटली. 10 जुलै 1944, वरच्या टायबर नदीचं खोरं, याच पलटणीतले नाईक यशवंत घाडगे, आताच्या रायगड जिल्ह्यातले. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, सेक्शनचे प्रमुख घाडगेच, ते सोडून बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले. ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकला, मशीनगन बंद पाडली, राहिलेल्यांना टॉमीगनने आणि शेवटी तिच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तुमचे आजोबा त्या दिवशी पलटणीत होते का हे मला माहीत नाही, पण सेवेची सालं जुळत असतील तर हे नाव त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकलंय का ते विचारा, कारण पलटणीतल्या माणसाला हे नाव माहीत नसणं शक्यच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, यादीत 3 का नाही. महायुद्ध संपल्यावर या पलटणीला हवाई छत्रीचं ट्रेनिंग देऊन पॅराशूट बटालियन केलं. 1952 ला पॅराशूट रेजिमेंट स्वतंत्र उभी राहिली आणि आपली तिसरी मराठा तिथे 2 पॅरा झाली. म्हणून मराठाच्या यादीत तीनची जागा रिकामी दिसते. आणि ही 2 पॅरा म्हणजे तीच जी 11 डिसेंबर 1971 ला बांगलादेशात टांगाइलला आकाशातून उतरली, उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडचा रस्ता तोडायला पुंगलीचा पूल धरला, आणि पाचच दिवसांनी ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत होती.

कूतला उपाशी बसलेली, केरनला चढलेली, टायबरकाठी लढलेली आणि टांगाइलला उतरलेली, एकच पलटण. नंबर चार. म्हणून ताई, तुम्ही शोधताना मराठा लाइट इन्फंट्री आणि पॅराशूट रेजिमेंट दोन्हीकडे शोधा. आजोबा 1952 च्या आधी सुटले असतील तर पेन्शनचे कागद बेळगावकडचे असतील, पण पलटणीचा इतिहास पॅराकडे गेलेला आहे.

प्रश्न : आमच्या भागाला कंपू का म्हणतात? लहानपणी वाटायचं कॅम्पवरून असेल.
— एक वाचक, कंपू, लष्कर

कॅम्पचा तो भाऊच, पण इंग्रजीतून आलेला नाही. कंपू हा पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि अठराव्या शतकात मराठी फौजेत कवायती पलटणींच्या ब्रिगेडला कंपू म्हणायचे. आज आपण "त्यांचा कंपू वेगळा" म्हणतो तो हाच शब्द, फक्त तोफा गेल्या आणि टोळकं राहिलं.

महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये द बॉइन नावाचा सॅव्हॉयचा माणूस नोकरीला ठेवला, त्याने आधी दोन पलटणी उभ्या केल्या, युरोपियन पद्धतीची कवायत, चकमकीच्या बंदुका, एका ओळीत फैर. 1790 मध्ये पाटण आणि मेडत्याला याच पलटणींनी राजपूत घोडदळ अडवून धरलं आणि महादजींनी ओळखलं की पुढचं युद्ध हेच. मग कंपूवर कंपू वाढत गेले. 1803 मध्ये इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा असईला आणि त्यानंतर 1 नोव्हेंबरला लासवारीला याच पलटणी होत्या. लासवारीचं मला नेहमी विशेष वाटतं, कारण तोवर द बॉइननंतरचा फ्रेंच सेनापती पेरों आणि बहुतेक गोरे अधिकारी नोकरी सोडून इंग्रजांकडे निघून गेले होते, आणि तरी हे पायदळ आपल्याच माणसांच्या हुकमाखाली तोफांजवळून हललं नाही, तिथेच कापलं गेलं. जिंकलेल्या जनरल लेकनेसुद्धा त्यांच्या लढण्याची तारीफ लिहून ठेवली.

1810 च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि परत उठलीच नाही. तंबूंची घरं झाली, घरांच्या गल्ल्या झाल्या, आणि छावणीचं, म्हणजे लष्कराचं, शहराला नाव राहिलं. कंपू, शिंदे की छावनी, ही सगळी त्याच पसाऱ्याची नावं. तुमचा घरचा पत्ता हाच एक फौजी कागद आहे.

प्रश्न : 1857 ची ग्वाल्हेर कंटिन्जंट म्हणजे शिंद्यांची फौजच ना? मग त्यांनी शिंद्यांच्या विरुद्ध कसं लढलं? आणि तिचे वारस कोण?
— एक विद्यार्थी वाचक, मुरार

नाही, आणि हा घोटाळा पुस्तकांतसुद्धा दिसतो. दोन फौजा वेगळ्या होत्या. 29 डिसेंबर 1843 ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार इथे इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, मग 1844 मध्ये तह लादला. त्यात शिंद्यांची स्वतःची फौज कमी करायची आणि एक नवी फौज ठेवायची असं ठरलं, अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च ग्वाल्हेरच्या महसुलातून. ही कंटिन्जंट. पायदळाच्या सात रेजिमेंट, घोडदळाच्या दोन, वर तोफखाना. म्हणजे पैसे आपले, बंदूक त्यांची.

हीच फौज 14 जून 1857 ला तुमच्या मुरारमध्ये उठली. तेव्हाचे महाराज जयाजीराव शिंदे यांनी तिला कित्येक महिने इथेच रोखून ठेवलं, पगार देत राहिले, पण शेवटी ती तात्या टोप्यांना मिळाली, काल्पीवरून नोव्हेंबरअखेर कानपूरवर गेली आणि इंग्रज जनरल विंडहमला शहराबाहेरून मागे रेटलं. उत्तरेतल्या उठावातली ही बहुतेक सगळ्यात शिस्तबद्ध फौज, तोफा चालवणं तर इंग्रजांनीच शिकवलं होतं. 6 डिसेंबरला इंग्रज सरसेनापती कँपबेलने तिचा पराभव केला. मग 1 जून 1858, राणी लक्ष्मीबाई, तात्या आणि रावसाहेब पेशवे मुरारपाशी आले, जयाजीराव आपली स्वतःची फौज घेऊन समोर गेले आणि त्या फौजेचा मोठा भाग पलीकडे मिळाला. जयाजीराव धोलपूरवरून आग्र्याला. नंतरचे अठरा दिवस आणि राणीसाहेबांचा शेवट ग्वाल्हेरच्या लहान पोरालाही माहीत आहे, फूलबागेवरून जाताना रोज दिसतो.

वारस विचारलात. उठलेल्या सात पायदळ पलटणींचा वारस आजच्या आर्मीत कुणी नाही, त्यांचा नंबर पुढे कुणाला दिला नाही, त्यांची परंपरा कुणी चालवली नाही. घोडदळातले जे थोडे स्वार उठावात गेले नाहीत ते आणि भोपाळ, माळव्याच्या कंटिन्जंटमधले असेच राहिलेले, यांच्यातून मेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक रिसाला उभा केला, तोच पुढे सेंट्रल इंडिया हॉर्स झाला आणि आज ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे. म्हणजे वंशावळ त्यांचीच पुढे चालली ज्यांनी बंदूक उचलली नाही. मला विचाराल तर हे टोचतं. काल्पीच्या रस्त्यावर पडलेल्या त्या शिपायांची ना मेस आहे, ना वर्धापनदिन, त्यांची आठवण ठेवणारी पलटणच नाही.

प्रश्न : आजी सांगायची की महाराजांनी लढाईसाठी एक जहाज दिलं होतं. ग्वाल्हेरला समुद्र कुठे?
— एक वाचक, जीवाजीगंज

आजींचं बरोबर आहे. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचं प्रवासी जहाज डिसेंबर 1914 मध्ये माधवराव शिंद्यांनी घेतलं, त्याचं नाव लॉयल्टी ठेवलं आणि ते भारतीय जखमी शिपायांसाठी तरंगतं हॉस्पिटल झालं. युद्ध संपल्यावर 1919 मध्ये ते सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेतलं, कंपनीच्या नावातला सिंधिया तोच आपला. 5 एप्रिल 1919 ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, आणि त्याच तारखेला आज आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.

प्रश्न : पणजोबा पायदळात होते असं घरात सगळे सांगतात, पण जुन्या पत्रावर नावाआधी "दफेदार" लिहिलंय. हा हुद्दा कुठला?
— एक वाचक, इंदूर

मग ते पायदळात नव्हते, घोडदळात होते. हुद्दा हा नंबरपेक्षा जास्त खरं बोलतो. पायदळात शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार. घोडदळात सवार, लान्स दफेदार, दफेदार, रिसालदार. दफेदार म्हणजे घोडदळातला हवालदार. जमादार हा हुद्दा मात्र दोन्हीकडे होता, 1965 ला तो बदलून पायदळात नायब सुभेदार आणि घोडदळात नायब रिसालदार केला, म्हणून कागदावर जमादार असेल तर तो कागद त्याच्या आधीचा हे आपोआप कळतं. एक वाचक मला लिहितात की आमचे आजोबा जमादार होते म्हणजे सफाई खात्यात का, असं मुलं विचारतात. नाही हो! जमादार म्हणजे अधिकारी, खांद्यावर तारा, पलटणीत मान.

तुम्ही इंदूरचे पण पत्र ग्वाल्हेरहून आलेलं आहे असं फोटोत दिसतं, म्हणजे ग्वाल्हेर लान्सर्सकडे शोधा. संस्थानात लान्सर्सच्या तीन रेजिमेंट होत्या. स्वातंत्र्यानंतर संस्थानी घोडदळं एकत्र करून 1953 मध्ये एक घोड्यावरची रेजिमेंट उभी केली, ग्वाल्हेर लान्सर्स, जोधपूर-कछवाह हॉर्स, म्हैसूर लान्सर्स आणि पटियाळा लान्सर्सचा एक स्क्वॉड्रन, तिला नाव मिळालं 61 कॅव्हलरी. जयपूरला आहे. 26 जानेवारीला परेडमध्ये घोड्यांवरून जो रिसाला जातो तो हा. पुढच्या वेळी टीव्हीवर दिसला की पोरांना सांगा, यात एक धागा आपला आहे.

प्रश्न : घरात दोन मेडल, एक फाटका कागद आणि एक फोटो आहे. आजी 88 वर्षांच्या. सुरुवात कुठून करू?
— एक वाचिका, लष्कर

आजीपासून. आजच. मेडल शंभर वर्षं थांबलंय, ते अजून थांबेल.

मेडलचं सांगते ऐका म्हणणारे घरात खूप असतात, त्यातला एक सल्ला अजिबात ऐकू नका, दिवाळीआधी चिंच किंवा राख लावून घासायचा. मी एका घरात पाहिलंय, चांदीचं मेडल, आरशासारखं लखलखीत, आणि कडेवरची अक्षरं जवळजवळ सपाट. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जशी कड असते तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तेवढंच तुमचं खरं दप्तर आहे. खिडकीजवळ घ्या, मेडल तिरकं धरा, प्रकाश बाजूने पडू द्या, मग अक्षरं सावलीने वर येतात, भिंग असेल तर उत्तम नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. हळूहळू फिरवत चार-पाच फोटो काढा. त्या मेसेजमध्ये तुम्ही जो फोटो पाठवलाय तो समोरून आहे, राजाचं तोंड दिसतं, ते सगळ्यांच्या मेडलवर सारखंच. मला कड हवीय.

फोटोत खांदा बघा, खांद्यावर पितळी अक्षरं असतात. आणि पगडी, कमरपट्टा, हातात भाला आहे की बंदूक. फोटोच्या मागे काही लिहिलंय का बघा, स्टुडिओच्या शिक्क्यावरून गावही कळतं.

कागद फाटका आहे तर टेप लावू नका, टेपचा गोंद कागद खातो, प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये सपाट ठेवा. ग्वाल्हेर दरबारचा जुना कागद असेल तर तो मोडीत असू शकतो, आपल्याकडे दरबारी कारभार बरीच वर्षं मराठीत आणि मोडीत चालायचा, तेव्हा वळणदार अक्षर बघून उर्दू समजून बाजूला टाकू नका. संस्थानाची जुनी दप्तरं भोपाळच्या राज्य अभिलेखागारात विचारता येतात. कुणी युद्धात परत आलेच नसतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधा, मोबाईलवर फुकट बघता येतं, फक्त स्पेलिंग दहा प्रकारे टाकून बघा, कारण गोऱ्या कारकुनाने आपलं आडनाव कसं ऐकलं तसं लिहिलंय. आडनाव नसेल तर वडिलांचं नाव आणि गाव टाकून बघा, आपल्या शिपायांच्या नोंदीत ते पुष्कळदा असतं.

पण हे सगळं नंतर. आधी आजींजवळ बसा, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि फोटो त्यांच्या हातात द्या. पलटणीचं नाव विचारू नका, ते त्यांना कदाचित नसेल आठवत. विचारा की ते सुट्टीवर यायचे तेव्हा काय आणायचे, कुठल्या स्टेशनवर उतरायचे, झोपेत कुणाचं नाव घ्यायचे. मागच्या महिन्यातल्या त्या ट्रंकवाल्या वाचकांना कागदावरून काहीच कळलं नव्हतं, शेवटी त्यांच्या आत्यानेच सांगितलं की बाबा दरवेळी रानीखेतहून लाकडाची खेळणी आणायचे, आणि तिथून आम्हाला 14 कुमाऊँ सापडली. आजींचं रेकॉर्डिंग झालं की मला पाठवा, मेडलच्या कडेच्या फोटोबरोबर.